सरव्याच्या बाया

चित्रांच्या बाबतीत मी पार वेडी आहे, हे आधीच कबूल करते. त्यातही एकोणिसाव्या शतकातली युरोपातली चित्रं. शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरांना मडकं आणि पेला काढायला लावते, आणि स्वतः मात्र मोबाईलवर पॅरिसच्या नाचणाऱ्या पोरी बघत बसते. नांदूरघाटात आमचं नवं घर झालं तेव्हा मी जाहीर केलं, की पुढच्या खोलीत माझी चित्रं लागणार. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "येकच लाव. आन् कोणतं ते मी सांगीन." माझा जीव अडकला होता तो कापलेल्या शेतात वाकलेल्या तीन बायकांच्या चित्रात. तेच लागायला हवं होतं. पण माझी निवड आधीच झालीय, ही लबाडी उघडी पडू नये म्हणून मी चार चित्रं छापायची ठरवली.

मांजरसुंब्याला फ्लेक्सच्या दुकानात गेले. कानाला पट्टी बांधलेल्या चित्रकाराने स्वतःचंच काढलेलं चित्र दुकानदाराने पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"भाऊ कधी गेले?"

"लई वर्षं झाली."

"मग पुण्यस्मरण टाकू. खाली शोकाकुल कोण?"

हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बिचाऱ्याने मला खुर्ची दिली आणि पंखा माझ्याकडे वळवला.

घरी चारही चित्रं पलंगावर मांडली. आत्याबाई चष्मा पुसून बसल्या. कानपट्टीवाला पहिल्या फेरीतच बाद झाला. "येवढा आजारी माणूस पावण्यांम्होरं कावून?" मग गुलाबी-जांभळ्या उन्हातली गवताची गंजी. "रचलीय बेस. पाणी न्हाई शिरायचं," असा शेरा मिळाला. त्यानंतर शेतात माना खाली घालून प्रार्थना करणारं जोडपं आलं, मध्ये बटाट्यांची टोपली. आत्याबाईंनी एका नजरेत निकाल दिला, "भांडलेत. टोपली कुणी उचलायची ह्याच्यावरून." त्या चित्रापुढे मी आजवर भक्तिभावाने उभी राहत आले होते. आता ते नुसतं आठवलं तरी मला हसू फुटतं.

शेवटी माझं चित्र. मी उगाच खिडकीकडे बघत राहिले. त्या चित्रावर वाकल्या.

"सरवा येचायल्यात," त्या म्हणाल्या.

सरवा म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेलं धान्य. वीस वर्षं मी या चित्राला इंग्रजी नावाने ओळखत होते आणि त्याचा खरा शब्द माझ्याच घरात बसला होता. मी चक्क टाळ्या पिटल्या.

"ह्ये न्हाई लावायचं," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. मी भाषण सुरू केलं. तो निळा रुमाल बघा, तो तांबडा बघा, मागचं ऊन बघा! त्यांनी मला बोलू दिलं आणि बोट चित्राच्या उजव्या बाजूला ठेवलं.

"ह्यो दिसला का तुला?"

लांबवर, नखाएवढा, घोड्यावर बसलेला एक माणूस. वीस वर्षांत मी त्याला पाहिलंच नव्हतं.

"मालकाचा माणूस हाय. आमी बारक्या असताना मायसंगं सरव्याला जायचो, तवा असाच उभा राहायचा. म्हणून बायांची तोंडं दिसंनात. सरवा येचताना वर बघायचं नसतंय."

मला माझ्या भाषणाची लाज वाटली. त्यांचा हात धरावासा वाटला, पण तो अजून चित्रावरच होता. पुढच्या खोलीत गंजी लावायचं मी मुकाट्याने मान्य केलं.

"आन् ह्ये," त्या म्हणाल्या, "पावण्यांम्होरं नगं. माझ्या खोलीत लाव, पलंगासमोर."

मी हातोडी आणि खिळा घेऊन आले. खिळा कुठे मारायचा ते विचारलं. त्यांनी पलंगावर आडवं होऊन अंदाज घेतला.

"उलीसं वर लाव. खालून बघितलं म्हंजी तोंडं दिसतील त्यांची."