मानेवरचा काळा पट्टा

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात हिंगोलीत एका डॉक्टर मॅडमकडे गेले होते. तक्रार तशी साधीच... दुपारचं जेवण झालं की वर्गात शिकवता शिकवता डोळे मिटायचे आणि घरी पोचेपर्यंत अंगात त्राण राहायचं नाही.

शुगर आधीच तपासली होती. नॉर्मल. मॅडम एखादं टॉनिक लिहून देतील आणि मी पुढच्या बसने परत जाईन, असंच धरून चालले होते.

मॅडमनी आधी टेप काढून माझी कंबर मोजली. मग ओढणी बाजूला करायला सांगून मान बघितली. माझ्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आहे... कॉलेजात असल्यापासून. मी तो उन्हाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते.

त्यांनी समजावलं ते असं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी आणखी इन्सुलिन सोडत राहतं, आणि त्या जोरावर साखर कित्येक वर्षं नॉर्मल दिसते. म्हणून उपाशीपोटी एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून साखर आणि इन्सुलिन दोन्ही बघायचं, दोन्हींचा मिळून हिशोब मांडायचा. सोबत ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल, कंबर, मान... एकट्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. मानेवरचा असा काळा पट्टाही बहुतेक वेळा या जास्तीच्या इन्सुलिननेच येतो.

अगदी पक्की मोजणी म्हणे संशोधनाच्या ठिकाणी तासन्‌तास सलाईन लावून करतात. पण या साध्या गोष्टी एकत्र ठेवल्या तरी डॉक्टरला बरंच कळतं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. इन्सुलिन इतकं जास्त आलं की मॅडमनाच शंका आली. खोदून विचारल्यावर मी सांगितलं, निघताना अर्धा कप चहा घेतला होता... चहाला कोण जेवण म्हणतं? मॅडम हसल्या. तो रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी मला त्याच लॅबमध्ये पुन्हा पाठवलं, या वेळी खरोखर उपाशी.

आता आकडा खाली आला, पण तरी जास्तच होता. तो बघता बघता मॅडमनी विचारलं, "आईची मानही अशीच होती का?"

"होती. अगदी अशीच," मी म्हटलं.

माझी माय शुगरनेच गेली. कळलं तेव्हा पायाची जखम चिघळली होती, नंतर किडनीवर गेलं. त्याआधी गावात शिबिर आलं की ती बोट टोचून घ्यायची आणि 'नॉर्मल हाय' म्हणत खुशीत घरी यायची.

आणि मान... बेसन, लिंबू, घरची हळद, सगळं लावून झालं होतं. शेवटी पाय घासायच्या वजरीने घासायची, कातडी लाल होईपर्यंत. तो काळेपणा आतून येतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. ते गावाकडे असतात, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. मॅडम जे बोलल्या ते सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "तुही माय लग्नाकार्याला काहून येत नव्हती, ठाव हाय का तुला?"

मी म्हटलं, तिला गर्दी आवडायची नाही.

"न्हाई बाई. लई हौस होती तिला. एका लग्नात बायका हसल्या तिच्या मानेला... आंघोळ करत न्हाईस का म्हून. तवापासून तिनं जानंच सोडलं."

मी दवाखान्याबाहेर तशीच उभी राहिले. लग्नाला निघताना माझी वेणी घालून देणारी, नवा फ्रॉक नीट करून दारातून हात हलवणारी माय आठवली... आम्ही परत आलो की नवरीची साडी कोणत्या रंगाची होती, जेवायला काय काय होतं, सगळं खोदून खोदून विचारायची. मला तेव्हा त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी चालायला लागले. भात कमी केला, बिनसाखरेच्या चहाची सवय केली, मॅडमनी सांगितलेले थोडे व्यायामही धरले. परवा पुन्हा तपासणी झाली... तीच लॅब, तीच सकाळची वेळ. आकडा चांगलाच उतरलाय. मॅडमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तुमच्या घरात कुणाची मान अशी असेल तर रागावू नका, घासायला लावू नका. फक्त एकदा डॉक्टरला दाखवा.

रिपोर्ट चांगला आला की पहिल्यांदा मायलाच सांगावंसं वाटतं. परवा बसमध्ये खिडकीशी बसले आणि ती इतकी हवीहवीशी वाटली... आकडा वगैरे राहू दे, एवढंच सांगायचं होतं तिला.

माय, तो मळ नव्हता गं.