सोनवण्यांची भट्टी

भट्टीचा ताप किती वेगानं चढावा हे ठरवणाऱ्या बटणावर पेन्सिलीची बारीक रेघ मारल्याशिवाय सोनवणे जेवायला उठत नसत. परत आले की आधी रेघ बघत. "माणसांवर नाय, हातांवर संशय आहे माझा," म्हणत. आम्ही हसायचो आणि मनातून चिडायचो.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सोनवणे आणि मी सच्छिद्र सिलिकाची भुकटी बनवत होतो. साबणासारख्या रसायनाचे पाण्यात सूक्ष्म दांडके जमतात, त्यांच्याभोवती सिलिका थिजते. साबण जाळला की दांडक्यांच्या जागी छिद्रं उरतात. लांब शेपटीचा साबण घेतला की छिद्रं मोठी, आखूड घेतला की लहान. पण आच घाईनं वाढवली तर भिंती कोसळतात. "बाळंतिणीसारखं जपा हिला," सोनवणे सांगत.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. सोनवणे उघडपणे रजा टाकून मोर्चाला जात, आणि मागं कुजबुज सुरू होई: हा नमुने बाहेर तर नेत नाही ना? एकानं चहाच्या वेळी टोमणा मारला, "काय सोनवणे, कारखान्याचंही नाव बदलणार का?"

"बदलू की. तुमचं ठेवू? लई शोभंल."

एका मोर्चाच्या दिवशी सकाळी भट्टी लावून, रेघ मारून, त्यांनी ती माझ्यावर सोपवली. दुपारी क्रांती चौकात दगडफेक झाल्याची बातमी आली. शहागंजला घरी बायको आणि तान्ही मुलगी एकट्या होत्या. मी बटण पुढं फिरवलं, काम लवकर उरकलं, बटण पुन्हा रेघेवर आणलं आणि घरी पळालो.

दुसऱ्या दिवशी तपासणीत भुकटीत छिद्रंच सापडली नाहीत. साहेबांनी विचारलं, "भट्टी कुणी लावली होती?"

"सोनवण्यांनी," मी म्हणालो. ते खरंच होतं. वर जोडलं, "मोर्चाच्या गडबडीत होते."

तेवढं पुरलं. त्यांची बदली गोदामात झाली. जाताना ते माझ्याजवळ थांबले. "रेघ तर जागेवर होती, कुलकर्णी. मग संशय कुणावर घ्यायचा?"

काही महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. भट्टीच्या कामाकडं ते नंतर कधीच परतले नाहीत.

ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. बिडकीनला त्यांच्या मुलीकडं गेलो. भट्टी मी तापवली होती, हे दारातच सांगितलं. तिनं मला नीट न्याहाळलं.

"आता कशाला सांगायला आलात, काका? तुमचं काय काम अडलंय?"

काहीच अडलं नव्हतं. तसं म्हणालोही. तिचा विश्वास बसला नाही, आणि तो बसावा असं माझ्याकडं काही नव्हतं.