चपडा लावलेली टाकी

नोव्हेंबर १९८३, सोमवार. गाईचं शेण काढून झालं, वांग्यांना पाणी दिलं आणि मोटरसायकलची टाकी उतरवायला बसले. दोन बोल्ट निघाले, तिसरा गंजून बसला होता. त्यावर मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, सोडलं, भाकरी टाकून आले, मग तोही निघाला.

घाई होती, कारण आदल्या दिवशी दीर हिंगणघाटहून येऊन गेला होता. माझा नवरा उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून दिराचं एकच म्हणणं होतं, की वर्ध्याजवळ नालवाडीच्या पुढची ही भाजीची वाडी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला द्यावी आणि मी त्याच्या घरी जाऊन राहावं. माणूस वाईट नाही. पण दुसऱ्याच्या चुलीजवळ बसून आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती.

"वैनी, बाजार कसा करान तुमी?" तो म्हणाला. "बैलबंडी भावानं विकली. डोक्यावर नेऊन नेऊन किती नेसान?"

"गाडीनं नेईन."

तो हसायलाच लागला. "हे गाडी? हिच्यावर तं कोंबड्या झोपून राह्यल्या!"

"कोंबड्या उठवता येतात."

"बरं, पुढच्या आयतवारी येतो. तोपावतर सुरू झाली तं मी एक शब्द बोलणार नाई. नाई झाली तं सामान बांधजा."

मी बरं म्हटलं. गाडी मला चालवता येत होती. नवऱ्यानं पांदणीवर, शेताकडच्या गाडीवाटेवर, शिकवली होती. मी नऊवारी नेसायची, काष्टा असल्यामुळे पाय टाकायची अडचण नव्हती. अडचण टाकीची होती. गाडी सुरू व्हायची, थोडी धावायची आणि पेट्रोल अडून बंद पडायची.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. नवरा सुतारकामही करायचा. टाकी आतून गंजली तेव्हा त्यानं स्वतःचंच डोकं चालवलं. सुतार लाकडाला पॉलिश करायला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात. लाखेच्या त्या पापड्या. तोच त्यानं दाट करून टाकीत ओतला आणि टाकी फिरवून फिरवून आतून सगळीकडे बसवला. "लाकडाले धरते तं लोखंडाले काऊन नाई धरणार?" असं येईल त्याला सांगायचा. पेट्रोलनं चपड्याला खरंच काही झालं नाही. पण खालचा गंज त्यानं खरवडलाच नव्हता, आणि झाकणाच्या वायसरमधून पावसाचं पाणी आत गेलं. पाण्यानं चपडा पांढरा पडला, फुगला आणि साल निघावी तसा सुटला. त्याचेच तुकडे पेट्रोलच्या नळीत येऊन अडकत होते.

टाकी रिकामी केली, पाण्यानं बरेचदा धुतली. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून आत भरला आणि रात्रभर ठेवला. त्याच्या कपड्यांना लागलेलं पॉलिश मी सोड्यानंच काढायची, म्हणून हे माहीत होतं. सकाळी ओतलं तर तांबूस जांभळं पाणी आलं, आणि मागून चिकट चोथा. त्याच्या हातचं शेवटचं काम ते. बांधापलीकडे, पिकाला लागणार नाही अशा जागी ओतलं. पेट्रोल अडवणारं काम जपून ठेवायचं तरी कशाला?

आरशानं ऊन आत पाडून पाहिलं. गंज जागच्या जागी होता. टाकीत गिट्टीचा चुरा घालून ती हलवायला लागले, पण खांदे भरून आले. तेवढ्यात शेजारचा म्हातारा शेतकरी कापसाची बंडी घेऊन सरकी काढायच्या जिनाकडे निघालेला दिसला. टाकी उचलली, बोळा कोंबून तोंड बंद केलं आणि त्याच्या चाकाच्या आऱ्यांना आवळून बांधली.

"बाई, हे काय बांधून राह्यली माह्या चाकाले?"

"टाकी. तुमचा कापूसही जाईल, माझी टाकीही घासली जाईल."

"लोक इचारतीन ना मले!"

"सांगा, बैलांना वाजंत्री लागते."

संध्याकाळी तो परतला तो हसतच. "सारा रस्ता खडखड, खडखड! जिनात म्हणे, काऊन बुढा, तुही बंडी आता पेट्रोलवर चालते का?" त्या आठवड्यात माझ्या अंगणात कोणी हसलं असेल तर तेवढंच. चहा घेतो का विचारलं, पण बैल दमले म्हणून तो थांबला नाही. दोघांसाठी ठेवलेला चहा मीच दोन वेळा घेतला.

गिट्टीबरोबर गंजाची पूड निघाली. उरलेल्यासाठी चिंचेचं पाणी भरून ठेवलं, तांब्याच्या भांड्यांसाठी करतो तसं, फक्त दाट. ते काढल्यावर आतला पत्रा राखाडी, स्वच्छ दिसला. मला इतकं बरं वाटलं, की साध्या पाण्यानं धुऊन टाकी तशीच पालथी ठेवली आणि झोपले. सकाळी बोट घातलं तर बोट नव्या गंजानं लाल. चिडायला समोर कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा चिंच भिजत घातली. या वेळी धुतल्याबरोबर उन्हात कडक वाळवली आणि लगेच मातीचं तेल आत फिरवलं.

रविवारी दीर आला तेव्हा टाकी बसवून पेट्रोलही भरून झालं होतं. तीनचार किका मारल्या आणि गाडी सुरू झाली. पांदणीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. तो खाली वाकून बघत होता.

"वैनी, टपकून राह्यली."

खरंच टपकत होती. गंजानं पाडलेलं बारीक भोक चपड्यानं आजवर बुजवलं होतं, आणि चपडा तर मीच काढला होता. घरातून धुण्याचा साबण आणला आणि त्या जागी दाबून घासला. टपकणं थांबलं.

"हे किती दिवस चालन?"

"कथलाचा डाग देईपर्यंत."

तो गुडघे झटकून उभा राहिला. मग म्हणाला, "बोलणार नाई म्हणलो होतो. नाई बोलत." जेवला, वांगी घेतली आणि दुपारच्या एस्टीनं गेला. मला हवं होतं तसंच झालं होतं. भांडी घासून ओसरीवर बसले तर दिवस मावळायला खूप वेळ होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वांगी तोडली. टोपली बांधताना गाडी कोणीतरी धरावी लागते, म्हणून ती भिंतीला टेकवली आणि दोर एका हातानं ओढून बांधला. पहिली गाठ सुटली. पुन्हा बांधली. वर्ध्याच्या बाजारात वांगी विकली आणि तशीच डाग देणाऱ्याच्या दुकानासमोर जाऊन, तो दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिले.