नारळाने दिलेला होकार

त्या दिवशी खालचे माग बंद होते, हे आधीच सांगून ठेवतो. सोलापुरात आमचं ऑफिस टॉवेलच्या कारखान्याच्या वर आहे. वर्षभर पायाखालची फरशी थरथरत असते. खंडेनवमीला मागांवर झेंडूच्या माळा चढतात, हत्याराला कुणी हात लावत नाही, आणि फरशी अशी गप्प होते की आपलीच नाडी तपासावीशी वाटते.

मी मात्र खुशीत होतो. एका साखर कारखान्याचं नवं ॲप तयार होतं. शेतकऱ्याने मोबाईलवर उसाची नोंद करायची, आणि नोंदीच्या क्रमाने त्याला ऊसतोडीची पाळी मिळायची. ऊस उभा राहिला की वाळतो, म्हणून त्या नंबरावर अख्ख्या घराचा डोळा. जुनं ॲप उतरवायचं, यादी हलवायची, नवं सर्व्हरवर चढवायचं. हे सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती सुरुवातीला एकदा विचारणार, 'सुरू करू?' मधे काही अडलं, तर पुन्हा विचारणार. दसऱ्याच्या मुहूर्तावर उत्तर द्यायचं होतं कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी. साहेबांना टायपिंगची सवय नाही. म्हणून मी झकास सोय केली: कुठलंही बटण दाबलं की उत्तर 'हो'.

"आणि न्हाय म्हणायचं असलं तर?" माझ्या सहकारी बाईंनी विचारलं. बाई दुधनीच्या, कामात माझ्यापेक्षा दुपटीने हुशार.

"अहो, मुहूर्तावर नाही कोण म्हणतं?"

"बेडा, सर," त्या म्हणाल्या. मनापासून नको म्हणायचं असलं की त्यांना कानडी लागते.

मला काय, नाटकाआधी पडदा ओढून बघायची हौस. खंडेनवमीच्या सकाळी मी लॅपटॉपवर तो प्रश्न उघडून ठेवला आणि तसाच लॅपटॉप पाटावर मांडला. हळदकुंकू वाहिलं. स्क्रीनवर जाडजूड माळ घातली. मग दोन्ही हातांनी, डोळे मिटून, नारळ अलगद कीबोर्डवर ठेवला.

माळेमागे काय चाललंय, ते कुणाला दिसणार?

आम्ही शेंगदाण्याचे लाडू खात असताना कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला.

"साहेब, तुमचं नवं ॲप आजच चालू झालंय व्हय? लई देखणं हाय. पन यादीत एक बी नाव न्हाय."

मी माळ बाजूला केली. स्क्रीनवर ओळी भरभर वर सरकत होत्या. मधेच स्क्रिप्टने विचारलं होतं: 'यादी पूर्ण आली नाही. तरी जुनी पुसू?' नारळाने 'हो' म्हटलं होतं. त्याखाली आणखी एक प्रश्न. त्यालाही 'हो'.

माझा हात नारळापर्यंत गेला आणि थांबला. पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. खाली माग चालू असते तर निदान ती शांतता तरी ऐकू आली नसती.

बाईंनी लॅपटॉपला नमस्कार केला, नारळ उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि कामाला बसल्या. आदल्या संध्याकाळची यादी त्यांनी मला न सांगता दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली होती. तासाभरात नावं परत आली. फक्त त्या सकाळच्या नोंदी गेल्या. त्या मात्र कुठेच नव्हत्या. अधिकाऱ्यांनी गावोगावी फोन लावले, नोंदी पुन्हा करून घेतल्या. ज्याला फोन आधी लागला, त्याचा नंबर आधी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर चेअरमनसाहेबांनी थाटात बटण दाबलं. आता त्या बटणाने काहीच होत नव्हतं, पण टाळ्या जोरात पडल्या. तोच नारळ फोडला, आणि मी खोबरं वाटत फिरलो.

माळशिरसकडचे एक म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"काल सकाळी मी सगळ्यात आदी नोंद केली हुती. हिरीचं पानी आटलंय, म्हून. दुपारी तुमचा फोन लागला, तवर मी तळाला."

"काका, जरा तांत्रिक—"

"ते न्हाय इचारत. माजा नंबर कुनी पुसला, त्येवढं सांगा की."

मी प्रसाद पुढे केला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हात काही त्यांनी पुढे केला नाही.