पडद्यावरचा डाग

मामांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला तो हातातला व्हिडिओ गेम यंदा हळद शिजवायच्या दिवसांत दादानं पेटीतून काढला. चांगला लांबलचक, जाडजूड डबा, पडदा मात्र काडेपेटीहून लहान. खेळ बदलायचा तर पुढचं आख्खं झाकण बटणांसकट काढून दुसरं बसवायचं. दोनच झाकणं होती, त्यांच्यापायी आम्ही बहीणभाऊ काय भांडलोय!

दादा आता वस्तीवरची लेकरं जीपमधून डोंगरकडा गावच्या शाळेत नेतो. त्या दिवशी रविवार होता. त्यानं बॅटरी घातली आणि मेला चक्क चालू झाला. काळ्या चौकोनांच्या भिंतीवर चेंडू आपटू लागला. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात दादा म्हणाला, "पडदा नासला गं. उजवीकडं वरून काळं उतरून राहिलं."

असल्या जुन्या पडद्यांवर काळे डाग पसरतात, हे मी मोबाईलवर वाचलं होतं. हातात घेऊन पाहिलं, तर पडदा लख्ख.

"कुठंय रे डाग?"

"आंधळी हायस का? ह्यो काय!"

माझं डोकंच सटकलं. मला येड्यात काढायची ह्याची जुनी खोड. मी झाकण बदललं. "हाये अजून," तो म्हणाला. मग मी डबाच उलटा करून त्याच्या हातात दिला. पडद्याचा डाग असता तर खाली डावीकडं गेला असता.

"आता?"

"तिथंच. वर, उजवीकडं."

मी त्याचा डावा डोळा तळहातानं झाकला.

"अगं, निम्मा पडदाच गेला की!" तो हसत म्हणाला.

हळद शिजवताना धुरानं सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात, त्याचं कुणी मनावर घेत नाही. वहिनी दारातूनच म्हणाली, "धूरच लागलाय. मी रोज ह्यांच्या डोळ्यांवर शेळीच्या दुधाच्या घड्या ठेवून राहिले. महिना झाला."

"महिना? आन् हिंगोलीला दवाखान्यात न्यायचं सुचलं न्हाई?" मी ओरडलेच. वहिनी रडायला लागली. मला तिचीही चीड आली आणि माझीही.

दादाचं हसू कधीच गेलं होतं. डबा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "परवा उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर आला, तवा लेकरं लई वरडली. मला वाटलं, मस्ती करून राहिलीत. मी त्यान्लाच रागं भरलो."