माहेरचं बोलावणं

मी ज्या दवाखान्यात काम करते तो रेगेन्सबर्गपासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावात, बेकरी आणि बँकेच्या मध्ये आहे. आमच्या डॉक्टरीणबाई साठीच्या पुढच्या. जे म्हातारे पेशंट दवाखान्यात येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे पूर्वी त्या स्वतः जायच्या. आता त्यांच्याच गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून मी जाते. रक्त काढायचं, प्रेशर बघायचं, पायाच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या, गोळ्यांचे डबे भरायचे, आणि जे पाहिलं ते परत आल्यावर बाईंना सांगायचं. मी मिरजेत नर्सिंग शिकत होते तेव्हा, तू एक दिवस बव्हेरियातल्या शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसशील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचाच ताप मोजला असता.

हे लोक बोलायला कंजूष. पण पट्टी बांधून होत आली की एक प्रश्न हमखास येतो, "मग, घरी कधी जाणार?" घरी म्हणजे भारतात. मी म्हणते, पुढच्या वर्षी. पायाची जखम काही केल्या भरत नाही असे एक आजोबा आहेत. त्यांनी मागे मला ऐकवलंच, "तुमच्याकडे हे पुढचं वर्ष फार लांब असतं वाटतं."

लांब होतं खरं. आई गेली तेव्हा मी धावत मिरजेला गेले, दिवसकार्य आटोपून परत आले, आणि त्यानंतर तीन वर्षं गेलेच नाही. रजा होती, तिकिटाची सोय होती, नवरा तर म्हणून म्हणून थकला. पण मला कुणी "ये" म्हटलं नव्हतं.

हे जर्मन माणसाला समजावून सांगणं अवघड आहे, म्हणून मी कधी त्या वाटेला गेले नाही. आई आहे तोवर माहेरी जायला कारण लागत नाही. बॅग उचलायची आणि जायचं. आई गेली की ते घर भावाचं आणि वहिनीचं होतं, आणि मग त्यांनी बोलवावं लागतं. आमची आत्या दर दिवाळीला यायची, पण आईचा निरोप गेल्याशिवाय तिनं कधी उंबरा ओलांडला नाही. आई म्हणायची, भावाच्या दारात बोलावल्याशिवाय उभं राहू नये, मान राहत नाही. मी शिकली-सवरलेली बाई, परक्या भाषेत लोकांना इंजेक्शनं टोचते, पण हे एक वाक्य माझ्या अंगात हाडासारखं बसलंय.

दर रविवारी दादाला फोन करायचा. तो पावसाचं, पाण्याचं, गल्लीतल्या नव्या रस्त्याचं सांगायचा. मग वहिनी फोन घ्यायच्या. "काय वन्सं, थंडी काय म्हणतेय?" मी थंडीचा हालहवाल सांगायची. लेक कशी आहे, अजून जर्मनमध्येच उत्तरं देते का, जावईबापू काय म्हणतात, असं सगळं होऊन बोलणं संपत आलं की माझे कान टवकारायचे. आता म्हणतील. आता म्हणतील, या एकदा. आणि वहिनी म्हणायच्या, "बरंय मग, ठेवते." फोन ठेवला की मी उगाच कपाट आवरायला घ्यायची. आमच्या घरातली कपाटं तीन वर्षांत फार नीट राहिली.

मला ते घर हवं होतं. मागच्या दाराशी उकिडवं बसून खाल्लेले भुईमुगाचे उकडलेले दाणे, दुपारी फरशीवर टाकलेली सतरंजी, आणि मी झोपलेली असताना कुणीतरी हळू आवाजात "उठवू नका तिला" म्हणणं. आई परत मिळणार नाही हे मला कळत होतं. पण ते घर अजून आपलं आहे की नाही, एवढं तरी कुणी सांगावं असं वाटायचं. आणि तेवढंच कुणी सांगत नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी दवाखाना भरलेला, मी एका प्लंबरच्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधून फुगवत होते. तेवढ्यात त्याच्या खिशातला पेजर किंचाळला. आमच्या गावात आग विझवायला पगारी माणसं नाहीत, गावातलेच लोक फॉयरवेअरमध्ये, म्हणजे अग्निशामक दलात, असतात, आणि हा त्यातला. तो ताडकन उठला आणि पट्ट्यासकट दारापर्यंत गेला. मी मागून धावत जाऊन पट्टा सोडवून घेतला.

थोड्या वेळानं तो हसत हसत परत आला. "आग बिग काही नाही. नव्या बिल्डिंगमध्ये एक इंडियन ओमा, आजीबाई, कढईत मसाला जाळत बसली होती." त्यानं जॅकेट काढून माझ्या शेजारच्या खुर्चीवर टाकलं आणि मला वास आला. ओवा, वावडिंग, धूप, लसणाची सालं. बाळंतिणीची धुरी! माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. माझ्या बाळंतपणाला आईला इथं येता आलं नव्हतं. हा वास मी शेवटचा घेतला तो दादाच्या मुलाच्या वेळी. त्या प्लंबरच्या जॅकेटला नाक लावावं असं मला वाटलं. लावलं नाही, पण खुर्ची जरा जवळ ओढली.

तेवढ्यात त्याच बिल्डिंगमधून दवाखान्यात फोन आला. गाड्यांच्या कारखान्यात काम करणारा एक इंजिनीअर बोलत होता. सासूबाई बायकोच्या बाळंतपणासाठी नाशिकहून आल्या आहेत, त्यांना चक्कर येतेय. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग घेतली आणि निघाले.

काकू सोफ्यावर बसल्या होत्या. नऊवार नाही, साधा गाऊन, त्यावर जावयाचा स्वेटर. समोर टेबलावर कढई, तिच्यात ग्रिलचे विझवलेले कोळसे. झालं होतं एवढंच, की बाळाला आणि आईला न्हाऊ घातल्यावर काकूंनी रीतसर धुरी केली, छतावरचा धूर ओळखणारा रॉखमेल्डर बोंबलायला लागला, शेजाऱ्यांनी फोन केला आणि हेल्मेट घातलेले सहा बाप्ये घरात शिरले.

"बूट घालून!" मला भारतीय पाहून काकू हिंदीत सुरू झाल्या. "जच्चा के कमरे में जूते पहन के आए!"

"काकू, हात सैल सोडा," मी मराठीत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. "अगंबाई, ही तर आपलीच!" प्रेशर चांगलंच वाढलेलं होतं. माझं नाव, शिक्षण, पगार यातलं काहीही न विचारता त्यांचा पहिला प्रश्न आला, "माहेर कुठलं गं तुझं?"

"मिरज."

"आई आहे?"

"नाही. गेली."

"अरेरे. मग माहेरी कोण?"

"दादा आणि वहिनी."

"जातेस ना?"

मी पट्ट्याकडे बघत म्हटलं, "बघू." नर्सला पेशंटशी बोलताना यंत्राकडे बघायची सोय असते, हा या नोकरीचा मोठा फायदा आहे.

घरून आणलेल्या गोळ्या काकू धांदलीत विसरत होत्या. त्यामुळे बाईंनी मला अधूनमधून प्रेशर बघून यायला सांगितलं. मी जरा जास्तच अधूनमधून गेले. काकू आळिवाचा लाडू हातावर ठेवायच्या. "बाळंतिणीचा आहे, पण खा. तुझ्या वेळी कुणी दिला नसेल." एकदा माझे केस पाहून म्हणाल्या, "काय गं हे, झाडूसारखे झालेत. बस खाली." मी म्हटलं, काकू, मी कामावर आहे, अजून तीन घरं बाकी आहेत. "मग लवकर बस." आणि बसले मी, युनिफॉर्ममध्ये, त्यांच्या गुडघ्यांशी पाठ टेकून. दिवसभर माझे हात दुसऱ्यांच्या अंगावर असतात. माझ्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचा हात असावा याची मला किती भूक लागली होती, हे मला त्या कोमट तेलानं सांगितलं. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. मागून त्यांना दिसत नव्हतं. नंतर पायाच्या जखमेवाल्या आजोबांकडे गेले, तर त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "आज काय तळलंय?"

त्याच तेलाच्या बैठकीत काकूंनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मी सांगून टाकलं, कुणी बोलवत नाही हो काकू. आई गेल्यापासून एकदासुद्धा नाही. जाऊ कशी?

"बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "मान असतो माणसाला." बोटं चालूच होती. जरा वेळानं त्यांनी सुस्कारा सोडला. "आमच्या वन्सं बघ. सासूबाई गेल्यापासून चार वर्षं फिरकल्या नाहीत. आणि परदेशात नाहीत हो, पुण्यात आहेत! दर दिवाळीला मी त्यांच्या वाटणीचे अनारसे बाजूला काढते. मग आम्हीच खातो."

"मग तुम्ही बोलवा ना त्यांना."

काकूंचे हात थांबले. "मी? मी कशाला बोलवू? पाहुण्या आहेत का त्या? घर त्यांचं आहे. आपल्या घरी यायला कुणाला आमंत्रण लागतं होय? उलट मीच बोलावलं, तर त्या म्हणतील, आता ही मालकीण झाली."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या अगदी मनापासून बोलत होत्या. मला मगाशी दिलेला मान आणि आता हे, दोन्ही त्यांच्या तोंडात गुण्यागोविंदानं नांदत होतं.

"काकू, तुम्ही पुण्याला फोन करा," मी म्हटलं.

"कशाला?" म्हणाल्या, आणि माझी वेणी घालायला घेतली.

बाहेर येऊन गाडीत बसले. पुढच्या घरी आजोबा खिडकीत वाट बघत असणार हे माहीत होतं. तरी गाडी सुरू केली नाही. मिरजेत दुपार कलली असेल, वहिनी चहा टाकत असतील. नको म्हणाल्या तर? बघू म्हणाल्या तर? आतापर्यंत निदान शंका होती. तिच्या आडोशाला बसता येत होतं. उत्तर आलं की तेवढंही राहणार नाही. तरी नंबर लावला. रविवार नसताना माझा फोन आला म्हणून वहिनी घाबरून म्हणाल्या, "काय झालं वन्सं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं. आणि मग तीन वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर आलं. "वहिनी, मे महिन्यात मी येऊ का?"

पलीकडे भांड्यावर झाकण थडथडत होतं. मग गॅस बंद झाल्याचा खट्ट आवाज आला.

"येऊ का?" वहिनी म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "असं विचारताय मला? तीन वर्षं मी तुमच्या दादांना म्हणतेय, वन्सं येतील बघा, या सुट्टीत येतील. मी कोण तुम्हाला या म्हणणारी? मी या घरात आले तेव्हा दार तुम्ही उघडलं होतंत." मग नाक ओढल्याचा आवाज. "आणि वन्सं, मला तरी कोण बोलावतं? माझी आई तर तुमच्या आईंच्या आधी गेली. तुम्ही आलात की तुमच्या नावानं मला चार दिवस गप्पा मारत बसता यायचं. कामं टाकून. ते पण बंद झालं."

त्यांना माहेर आहे की नाही, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"वहिनी..."

"काही बोलू नका. तारीख सांगू नका, किती दिवस ते सांगू नका. यायचं. आणि परत कधी 'येऊ का' विचारलंत ना, तर दार उघडणार नाही. सांगून ठेवते." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. "बरंय मग" म्हणाल्या नाहीत.

रस्त्याच्या कडेला बर्फ साचलेला होता. शेजारच्या सीटवर रक्ताच्या नळ्यांचा डबा, मागे पट्ट्यांची पिशवी, अजून तीन घरं बाकी. मे महिन्याला अजून खूप अवकाश होता. आणि मला आत्ता जायचं होतं, याच कपड्यांत, तेलकट डोक्यानं, या क्षणी.