गॅदरिंगमधलं डुक्कर

कराटे करणाऱ्या जनावरांची ती कार्टून मालिका आठवली की मला आजही मळमळतं. वाघ, बैल, माकड, घार आणि डुक्कर अशी टोळी, रविवारी सकाळी टीव्हीवर दुष्टांना बडवायची. लासुर्ण्यात आमच्या अख्ख्या वर्गाला तिचं येड लागलं होतं. मालिकेचा त्यात काय दोष म्हणा, पण ओकारी काय दोष बघून येते होय?

सातवीत गुरुजींनी गॅदरिंगला हीच टोळी बसवायची ठरवली. मला वाघ व्हायचं होतं. माझी लाथ वर्गात सगळ्यात उंच जायची, पोरंसुद्धा कबूल करायची. पण आमच्याकडं गॅदरिंगमधली कामं आडनाव बघून वाटायची. वाघ गेला एका बागायतदाराच्या पोराकडं. त्या ठोंब्याला धड उडी मारता येत नव्हती.

डुक्कर कुणी घेईना. किराणा दुकानदाराच्या मुलाला दिलं, तर त्याचे अब्बा शाळेत येऊन हात जोडून म्हणाले, "गुरुजी, आमच्यात हे चालत न्हाय." गुरुजींनी लगेच ऐकलं, आणि ते बरोबरच केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू घे गं. तुमच्यात चालतंय की."

आमच्या घरात शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आमच्यात काय चालतं ते ह्या माणसाला कुणी सांगितलं होतं? वर समजूत काढतोय, "टोळीत डुकरालाच जास्त ताकद असती." शी!

घरी सांगितलं तसा वडिलांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "जाऊच नगं स्टेजवर." आई म्हणाली, "जाऊ द्या तिला. पर ते डुकराचं तोंड लावू नगं, आपल्या तोंडानं जा." मला आईचं पटलं.

मुखवटा रद्दी कागदाचा, शिळ्या खळीचा वास मारणारा. तो मी पडद्यामागंच टाकला. शाळेचा ड्रेस, घट्ट वेण्या, उघडं तोंड. माझं तोंड दिसलं की लोकांना मी दिसेन, एवढाच माझा हिशेब. बाकी सगळे मुखवटे लावून उभे होते.

पहिल्या ओळीत गावातली मोठी माणसं खुर्च्या टाकून बसलेली. एका पाहुण्यानं शेजारच्या खुर्चीतल्या गावच्या आबांना विचारलं, "ह्यात डुक्कर कंचं हो?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं.

"ही काय. बौद्धवाड्यातली."